भाडेकरूच्या घरचं माणूस

४ मार्च, रविवार

रोजनिशी मी कधी लिहिली नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात उभं आयुष्य गेलं, तिथे लिहायचं ते एवढंच की दूध किती आलं आणि किती नासलं. पण संध्याकाळी सहा वाजले की दिवसभराचं सगळं ओठांवर येतं आणि ऐकायला कोणी नसतं. म्यूरियल ऐकायची. पायमोजे काढून तळवे चोळत बसायची आणि मधूनच विचारायची, "मग तू काय म्हणालीस?" सिटी बस चालवणाऱ्या बाईला दिवसभर लोकांची किटकिट ऐकून वीट यायला हवा. हिला कधी यायचा नाही.

तिला जाऊन तीन आठवडे झाले. सगळे फार चांगले वागले. चर्चमध्ये फादर म्हणाले, "तुमच्या मैत्रिणीबद्दल ऐकून वाईट वाटलं." लिफ्टमध्ये कोणी ना कोणी म्हणतंच, "तुमची रूममेट गेली ना? अरेरे." मी मान हलवते आणि मजला आला की उतरते. मला रडू आलेलं नाही. लोक आईबापांना रडतात, नवऱ्याला रडतात. मैत्रिणीसाठी किती रडावं हे मला ठाऊक नाही.

९ मार्च, शुक्रवार

मालकाच्या कंपनीची नोटीस आली. घर म्यूरियलच्या नावावर होतं, ती वारली, तेव्हा घर रिकामं करा.

त्यांचं काही चुकत नाही. सनीसाइडचं हे घर तिने माझ्या आधीपासून घेतलेलं. मी एकोणऐंशी साली दोन बॅगा घेऊन आले, तेव्हा माझं नाव करारात घालावं असं दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. जुन्या भाड्याचं घर आहे. मी बाहेर पडले की ते फरशा बदलतील, भिंती पांढऱ्या करतील आणि बँकेत नोकरी करणाऱ्या कुणा पोराला तिप्पट भाड्याने देतील.

या वयात जाऊ कुठे? धाकटी बहीण ओहायोत होती, तीही गेली. तिचा मुलगा नाताळला कार्ड पाठवतो आणि त्यात माझ्या नावाचं स्पेलिंग चुकवतो.

१४ मार्च, बुधवार

फुकट सल्ला देणाऱ्या वकिलांच्या कचेरीत गेले होते. माझ्या वाट्याला आली ती पिलार ओकासियो नावाची मुलगी. माझ्या शाळेत जेवायला बसली असती तर मी तिला दुसऱ्यांदा भाजी वाढली असती, इतकी बारीक.

"म्यूरियल हॅनराहन तुमच्या कोण?"

"मैत्रीण. एकत्र राहायचो."

"किती वर्षं?"

"एकोणचाळीस."

तिने पेन खाली ठेवलं. "एकोणचाळीस वर्षं मैत्रीण?"

"का? मैत्रीला मुदत असते का?"

ती हसली नाही. मग तिने मला नीट समजावून सांगितलं. भाडेकरू वारला तर त्याच्याबरोबर राहणाऱ्या घरच्या माणसाला घर ठेवता येतं. घरचं माणूस म्हणजे फक्त रक्ताचं किंवा लग्नाचं नव्हे, असं इथल्याच वरच्या न्यायालयाने एकोणनव्वद साली ठरवलं. एक पुरुष वारला होता आणि मालक त्याच्या जोडीदाराला बाहेर काढत होता, त्यावर तो निकाल लागला. दोघं पुरुष होते.

माझे कान तापले. "हे बघ मुली, आम्ही दोघी तसल्या नव्हतो."

"मी काही म्हटलं का?"

"तुझा चेहरा म्हणतोय."

"मिस कुचिन्स्की, कोण कुठे झोपत होतं हे न्यायालय विचारत नाही. कायद्यानेच विचारता येत नाही." हे ऐकून मला बरं वाटलं. तशी सांगण्यात अडचण काहीच नव्हती. माझ्या खोलीतला हीटर रेगनच्या काळापासून बिघडलेला आहे, म्हणून थंडीत मी म्यूरियलच्या खोलीत झोपायचे. उन्हाळ्यात एसी तिच्याच खोलीत. राहता राहिले वसंतातले आणि पानगळीतले थोडे दिवस, तेवढ्यासाठी अंथरूण कुठे हलवायचं?

पिलार म्हणाली की न्यायालय संसार बघतं. खर्च एकत्र होता का, आजारपणात कोणी कुणाचं केलं, सणवार बरोबर केले का, मृत्युपत्रात कोण आहे. या सगळ्याला मी हो म्हणत गेले आणि तिचा चेहरा खुलत गेला. शेवटी तिने विचारलं, "आणि लोकांसमोर? लोकांसमोर तुम्ही एकमेकींना घरचं माणूस म्हणत होता का?"

"छे! लोकांसमोर कशाला?"

तिचा चेहरा पडला.

२० मार्च, मंगळवार

पिलारच्या त्या एका प्रश्नाने माझं डोकं उठवलंय.

लोकांसमोर आम्ही काय केलं? खाली बेलच्या पाट्या दोन. टपालपेटीवर नावांमध्ये रेघ. नाताळची कार्डं वेगवेगळी, एकाच टेबलावर बसून लिहिलेली. माझी बहीण राहायला आली की माझ्या खोलीतला पलंग विस्कटून ठेवायचा आणि उशीवर डोक्याचा खळगा पाडायचा. हे काम म्यूरियलचं, कारण तिचं डोकं मोठं. चर्चच्या सहलीला गेलो की मी एका बाकावर आणि ती मागच्या. नवीन कोणी भेटलं की म्यूरियल लगेच सांगायची, "ही माझी भाडेकरू." झाकली मूठ सव्वा लाखाची.

मला ते कधी विचित्र वाटलं नाही. उगाच लोकांच्या तोंडी आपलं नाव येऊ नये म्हणून माणूस काळजी घेतो, तशी आम्ही घेत होतो. आता पिलार म्हणते की मालकाचा वकील नेमकं हेच पुढे करणार. इमारतीची देखभाल करणारा बेसिम साक्षीला येणार आहे. तो सांगेल की या दोघी एकमेकींना भाडेकरू म्हणायच्या. आणि तो खरं तेच सांगेल. आम्ही इतकी वर्षं इतक्या नेकीने केलेला पुरावा आता मालकाच्या हातात आहे.

"जगात एक तरी माणूस दाखवा," पिलार म्हणाली, "ज्याच्यासमोर तिने तुम्हाला आपलं म्हटलं."

८ एप्रिल, रविवार

आज वेस्ट व्हिलेजला गेले होते. म्यूरियल निवृत्त झाल्यापासून रविवारी चर्च सुटलं की तिकडे जायची. ख्रिस्तोफर पार्क म्हणून रस्त्यांच्या बेचक्यात बगीच्याचा एक एवढासा त्रिकोणी तुकडा आहे, तिथल्या झाडांची निगा राखणाऱ्या मंडळींमध्ये ती होती. समोरच तसल्या पोरांचा तो बार, ज्याच्यात एकोणसत्तर साली पोलीस धरपकड करायला घुसले आणि पोरांनी त्या वेळी मुकाट त्यांच्या गाडीत बसायचं नाकारलं. आता सरकारने ती जागा राष्ट्रीय स्मारक केली आहे. "चल की," म्यूरियल म्हणायची. "माझं तिथे काय काम?" मी म्हणायचे. जेवण कोण करणार? शिवाय ते लोक. म्यूरियलचं तसं नव्हतं, तिला सगळे चालायचे. बसवाल्यांचा स्वभावच तसा होतो.

सात नंबरची मेट्रो, मग एक नंबरची. उतरल्यावर सुद्धा मी दोनदा रस्ता चुकले, कारण त्या भागात समांतर जायला हवा तो चौथा रस्ता दहाव्याला छेदतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. कुंपणाला जुने काळेपांढरे फोटो लावले होते. विशीतली पोरं, अरुंद पँटी, फाटके शर्ट. कुणी हसतंय, कुणी डोळे रोखून बघतंय. काही पाहुणे स्मारकाची माहिती सांगणाऱ्या रेंजरभोवती उभे राहून ऐकत होते. एक पोक्त गृहस्थ टोपी काढून उभे होते. मीही जरा उभी राहिले.

आत पांढरे पुतळे आहेत. दोन पुरुष उभे, दोन बायका बाकावर बसलेल्या. एकीचा हात दुसरीच्या मांडीवर आहे. मी तिकडे न बघता फुलांकडे बघितलं. वाफ्यात गुडघ्यांखाली गादी घेऊन एक काळा म्हातारा खुरपत होता. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघतच राहिला.

"तू लोरेटा," तो म्हणाला.

"कशावरून?"

"कोटाचं वरचं बटण लावलेलं आहे. आणि तोंड असं, जणू मी तुझी फुलं तुडवलीत." तो धडपडत उठला, हात पँटला पुसला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. "मी ओटिस. म्यूरियल म्हणायची, माझी लोरेटा आलीच तर तोंड वाकडं करूनच येईल."

त्याला वाफ्यातले ट्यूलिप दाखवायचे होते. म्यूरियलने पानगळीत कंद पुरले होते ते. "बघ कसे लावलेत. हातभर अंतर ठेव म्हटलं तर ऐकेल तर शपथ. सकाळच्या बसमध्ये माणसं कोंबावीत तसे कोंबलेत." मला हसू आलं. दोन महिन्यांत मला हसल्याचं आठवत नव्हतं.

मग आणखी दोघी-तिघे जमले. सगळ्यांना मी माहीत होते! माझं गुडघ्याचं ऑपरेशन, मला कबुतरांची भीती वाटते ते, बटाट्याच्या सॅलडमध्ये मी शेपू घालते ते. एक जाडगेली बाई म्हणाली, "दर रविवारी आम्ही विचारायचो, आज तरी आणलीस का तिला? म्यूरियल म्हणायची, पुढच्या खेपेला."

"कोण आहे?" मागून कोणीतरी विचारलं.

"अरे, म्यूरियलची बायको," ओटिस म्हणाला.

मी तिथून निघाले. निरोपसुद्धा घेतला नाही. 

१० एप्रिल, मंगळवार

मी म्यूरियलवर चिडले आहे. तिच्या फोटोचं तोंड भिंतीकडे केलं. दुपारी पुन्हा सरळ केलं, कारण भिंतीकडे तोंड केलेला फोटो बघून तिने खोखो हसून दाखवलं असतं.

इथे भाडेकरू आणि तिकडे बायको! आणि मला न विचारता, माझ्यामागे. पुढच्या खेपेला म्हणे.

पिलारला फोनवर सांगितलं तर ती आनंदाने ओरडलीच. "साक्षीदार! चार-चार साक्षीदार! मिस कुचिन्स्की, आपण जिंकतोय."

"मी तसं सांगणार नाही."

"काय?"

"बायबलवर हात ठेवून मी खोटं बोलणार नाही. त्यांना वाटायचं ते वाटो. घर गेलं तरी चालेल. मी आयुष्यात एकदाही खोटी शपथ घेतलेली नाही."

 ती हळूच म्हणाली, "यात खोटं कुठलं, ते मला सांगाल?" मी फोन ठेवला.

२२ एप्रिल, रविवार

पुन्हा गेले. एक तर निरोप न घेता आले होते ते मनाला लागलं होतं. दुसरं म्हणजे, सगळं सांगायचं तर, तिथे म्यूरियलबद्दल बोलणारी माणसं आहेत आणि इथे कोणी नाही.

शेपूचं सॅलड डबा भरून नेलं. ओटिसने उघडलं, वास घेतला आणि डोळे मिटले. आम्ही पुतळ्यांच्या शेजारच्या बाकावर बसलो. एक जपानी जोडपं त्या बायकांच्या पुतळ्यांमध्ये बसून फोटो काढत होतं.

मी ओटिसला शपथेचं सांगितलं. वाटलं होतं तो रागावेल. तो खात राहिला, मग काटा पुसून ठेवला.

"माझा लेलंड शहाऐंशी साली गेला," तो म्हणाला. "इथून चार गल्ल्या पलीकडे राहायचो आम्ही. घर त्याच्या नावावर. सकाळी दफन झालं आणि दुपारी त्याचे भाऊ ट्रक घेऊन आले. चांगली माणसं होती हं, मला म्हणाले, तुला काय हवं ते घेऊन जा. मी कॉफीचं भांडं घेतलं. का घेतलं कोण जाणे. फुटपाथवर ते भांडं हातात घेऊन उभा होतो, तर मालकाचा माणूस म्हणाला, मित्राचं फार वाईट झालं." त्याने गुडघ्यावरची माती झटकली. "तुझ्या वकीलबाई सांगतात तो निकाल तीन वर्षांनी लागला. त्या दिवशी आम्ही सगळे इथे जमलो होतो. ही पोरं बघ," त्याने कुंपणावरच्या फोटोंकडे हात केला. "यांनी मार खाल्ला, नोकऱ्या घालवल्या, अर्धे तर मेलेच. त्यातून एक दार किलकिलं झालं. आणि तू उंबऱ्यात उभी राहून म्हणतेस, मी चुकून आले."

"पण मी खरंच... ओटिस, तुला कसं कळलं? म्हणजे लेलंड तुझा कोण ते?"

"तू सांग. म्यूरियल कामावरून किती वाजता यायची?"

"सहाला."

"आणि सहा वाजून दहा मिनिटं झाली तर?"

"तर मी खिडकीत. साडेसहाला आगारात फोन. एकदा बर्फात तिची बस अडकली होती तेव्हा मी कोटाशिवाय क्वीन्स बुलेव्हार्डपर्यंत चालत गेले होते." मी जरा चिडूनच म्हणाले, "घरातलं माणूस आलं नाही की जीव टांगणीला लागतोच. सगळ्यांचाच लागतो."

"आणि आली की?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"किल्लीचा आवाज झाला की काय व्हायचं, राणी?"

"पोटातला गोळा विरघळायचा," मी म्हणाले. "रोज. पण हेही सगळ्यांना होतं."

ओटिसने माझ्याकडे इतक्या मायेने बघितलं की मला दुसरीकडे बघावं लागलं. "नाही गं," तो म्हणाला. "सगळ्यांना नाही होत."

त्या दिवशी मी त्या दोन पांढऱ्या बायकांकडे नीट बघितलं. त्यांच्यात बघू नये असं काहीही नाही. दोन बायका बसल्या आहेत. एकीने दुसरीच्या मांडीवर हात ठेवलाय, जेवण झाल्यावर टीव्हीसमोर ठेवतात तसा.

६ मे, रविवार

आज प्रार्थनेत लक्ष नव्हतं. जानेवारीतला दवाखाना आठवत होता.

म्यूरियलला अतिदक्षता विभागात हलवलं तेव्हा दारावरच्या नर्सने विचारलं, "तुम्ही कोण? फक्त घरच्यांनाच सोडतो." मी क्षणाचा विचार न करता म्हणाले, "बहीण." तिने आत सोडलं. आत जाऊन मी म्यूरियलची नखं कापली, केस विंचरले, तिच्या सुजलेल्या पायांना तेल लावलं. ती म्हणाली, "काय सांगून घुसलीस?" मी म्हटलं, "बहीण." ती हसली आणि खोकला आला. "माझ्या बहिणी असं तेल नाही लावायच्या," म्हणाली.

चर्चमध्ये गुडघे टेकलेले असताना माझ्या लक्षात आलं की ते खोटं होतं. मी खोटं बोलत नाही असं मी पिलारला किती ताठ मानेने सांगितलं! आणि दवाखान्यात सरळ खोटं बोलले. भाडेकरू, तेही खोटं. भाडं मी कधी दिलंच नव्हतं, दोघींचा पगार एकाच डब्यात. रूममेट खोटं. उशीवरचा खळगा खोटा. माझी बहीण विचारायची, "तुला एकटं नाही वाटत?" आणि मी म्हणायचे, "सवय झाली." तेही खोटं, मला एक दिवस एकटं वाटलं नव्हतं.

म्हणजे मी आयुष्यभर खोटं बोलत आले आहे आणि सगळं एकाच बाजूने. मग खरं काय होतं? प्रार्थना संपली, लोक उठून गेले, मी तशीच बसून होते. फादरनी येऊन विचारलं, "बरं नाही का?" मी म्हटलं, "मला वाटतं, मी फार दिवस झोपले होते." ते बिचारे गोंधळले आणि मला पाणी आणायला गेले.

घरी येऊन पिलारला फोन केला. रविवार होता तरी तिने उचलला.

५ जून, मंगळवार

आज सुनावणी झाली.

ओटिस जांभळा टाय लावून आला होता. त्याने सांगायचं ते सांगितलं. मालकाच्या वकिलाने विचारलं, "तुम्ही या बाईंना एप्रिलच्या आधी कधी भेटला होता?" "नाही," ओटिस म्हणाला, "पण त्यांचा गुडघा मला माझ्या गुडघ्यापेक्षा जास्त माहीत आहे." न्यायाधीशबाईंनी हसू दाबलं.

मग बेसिमला बोलावलं. त्याच्याकडे बघवत नव्हतं. पाट्या दोन होत्या? हो. एकमेकींना काय म्हणायच्या? भाडेकरू. तुम्ही दुरुस्तीला जायचात तेव्हा पलंग किती? दोन. प्रत्येक उत्तराला तो माझ्याकडे बघून मान खाली घालत होता. जाताना माझ्या खुर्चीशी थांबून पुटपुटला, "मिस लोरेटा, मला खरं तेच बोलावं लागलं." मी त्याचा हात थोपटला. त्याने एक शब्दही वावगा सांगितला नव्हता. सगळी करणी आमचीच होती.

मग मी. शपथ घेतली.  वकील तरुण होता, उद्धट नव्हता. तो फक्त शांतपणे एकेक गोष्ट माझ्यासमोर ठेवत गेला आणि मी हो म्हणत गेले. शेवटी त्याने कागद मिटले आणि विचारलं, "बाई, दोन हजार अकरापासून या राज्यात दोन बायकांना लग्न करता येतं. तुमच्या हातात इतकी वर्षं होती. तुम्ही लग्न केलं नाहीत. का?"

पिलारने या प्रश्नाची माझ्याकडून तयारी करून घेतली होती. पेन्शनबद्दल काहीतरी सांगायचं होतं. मी साफ विसरले.

"आमचं काही करायचं राहिलंय असं वाटलंच नाही," मी म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे माझ्या बहिणीचं लग्न झालं होतं. नवऱ्याची गाडी दारात थांबली की ती मुलांना आतल्या खोलीत पाठवायची. माझ्या आईचंही तसंच. लग्न म्हणजे ते, असं मी धरून चालले होते, आणि देवाचे आभार मानत होते की माझं झालं नाही. मी तर रोज खिडकीत उभी राहून वाट बघायचे. त्याला लग्न म्हणतात हे मला कोणी सांगितलं नाही." माझा आवाज मोठा झाला होता. "मी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे साहेब. मला एप्रिलमध्ये कळलं."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

वकिलाने विचारलं, "मग आज शपथेवर सांगा. म्यूरियल हॅनराहन तुमच्या कोण होत्या?"

"बायको," मी म्हणाले.

तो शब्द मी कधी तोंडाने उच्चारला नव्हता, तिच्यासाठी तर नाहीच. म्यूरियलने मात्र दर रविवारी त्या बगीच्यात तो उच्चारला आणि माझ्यापासून वाढदिवसाची भेट लपवावी तसा लपवून ठेवला. म्यूरियल, मला सांगितलं असतंस तर मी तुला 'वेड लागलंय का' म्हटलं असतं, हे तुला माहीत होतं. म्हणूनच थांबलीस ना? माझ्या पुढच्या खेपेसाठी.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, निकाल लेखी येईल.

१२ जुलै, गुरुवार

घर राहिलं. पिलारने फोनवर निकाल वाचून दाखवला. त्यात एक वाक्य आहे की या दोघींनी आपला संसार लोकांपासून लपवला, पण लपवायला आधी तो असावा लागतो. पिलार रडत होती. मी तिला म्हटलं, रडू नकोस, एक दिवस जेवायला ये, तुझ्या अंगावर जरा मांस चढू दे.

फोन ठेवला आणि घरभर फिरले. सगळं जागच्या जागी होतं. जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण मला एवढंच वाटत होतं की आता ही बातमी कुणाला सांगू.

दुपारी दार वाजलं. खालच्या मजल्यावरची अरपी टूमासियान, दोन्ही हातांत मोठा थाळा, वर फडकं.

"बाजूला हो, गरम आहे," म्हणत ती सरळ स्वयंपाकघरात घुसली. फडकं काढलं तर भात-खिमा भरलेल्या मिरच्या आणि टोमॅटो, दहा माणसांना पुरतील एवढे.

"हे कशाला?"

"कशाला म्हणजे? घरातलं माणूस गेलं की शेजारी जेवण आणतात."

"अरपी, म्यूरियलला जाऊन पाच महिने झाले."

"मला मोजता येतं." ती खुर्चीत बसली, दम घेतला. "त्या दिवशीही केलं होतं. जिन्यापर्यंत आले आणि परत फिरले. तू सगळ्यांना सांगत सुटली होतीस, मैत्रीण होती, मैत्रीण होती. मैत्रीण गेली तर चार शब्द बोलतात, लोरेटा. विधवेच्या घरी थाळा न्यायचा असतो. मी थाळा आणला असता आणि तू म्हणाली असतीस, कशाला गं उगाच. मग तो मी कुठे घेऊन गेले असते?"

"तुला माहीत होतं?"

"अख्ख्या इमारतीला माहीत होतं. तुझीच वाट बघत होतो सगळे."

मी ओट्याला धरून उभी राहिले. फेब्रुवारीपासून जे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं. मोठ्याने, तोंड उघडून, लहान मूल रडतं तशी रडले. अरपीने थोपटलं नाही, गप्प राहा म्हटलं नाही. कपाटातून दोन ताटल्या काढल्या, वाढलं, आणि बसून राहिली.

बऱ्याच वेळाने मी तोंड धुऊन समोर बसले. ती म्हणाली, "खा आधी. आणि सांग, कशा भेटलात?"

मी घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिले. नवरा-बायकोला हे सगळे विचारतात. दर लग्नात, दर मेजवानीत विचारतात. मला आजवर कोणीही विचारलं नव्हतं.

"बसमध्ये," मी म्हणाले. "म्हणजे बसबाहेर. मी धावत आले आणि तिने माझ्या तोंडावर दार लावून घेतलं."

"शी! आणि मग?"

"मग मी भर रस्त्यात तिला शिव्या घातल्या. तर पुढच्या कोपऱ्यावर, जिथे थांबा नाही तिथे, तिने बस उभी केली, दार उघडलं आणि आतून ओरडली, एवढा आवाज असलेल्या बाईला मागे कसं सोडू?"

अरपी टेबलावर हात आपटून हसली, आणि मी पुढचं सांगायला लागले.